रात्र गेलेलं अन्न

सासूबाईंचा उजवा हात फाल्गुनात मोडला. न्हाणीत पाय घसरला आणि सगळा भार मनगटावर आला. कोपरापर्यंत प्लास्टर बसलं. दवाखान्यातून रिक्षाने घरी येताना त्या एवढंच म्हणाल्या, "आता भाकरी कोण थापील?"

प्रश्न खरा होता. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून मी परभणीहून सेलूला नोकरीला जाते, एका सरकारी कार्यालयात. सकाळची गाडी धरायची म्हणजे घरातून लवकर निघावं लागतं, आणि संध्याकाळच्या गाडीचा भरवसा नसतो. मानवत रोडला थांबली की थांबलीच. मी भाज्या निवडून द्यायची, रविवारी काहीतरी वेगळं करायची, पण रोजचं वरण, भाजी आणि भाकरी सासूबाईंच्या हातची. नवऱ्याचं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बी-बियाण्यांचं दुकान आहे, तो दुपारी जेवायला घरी येतो. मुलगी अकरावीला, तिचे क्लास भलत्याच वेळांना. माणसं चारच, पण एका पंगतीला कधी बसायची नाहीत, आणि तरी प्रत्येकाला गरम मिळायचं. ते कसं मिळतं याचा विचार करायची वेळ माझ्यावर आलेली नव्हती.

सुरुवातीला मी पहाटे उठून सगळंच करून पाहिलं. गाडी चुकायला लागली. मग डबा लावला. त्यातलं तिखट नवऱ्याला सोसेना, आणि सासूबाई तर परक्या हातचं खातच नाहीत. माझी ही ओढाताण पाहून ऑफिसातल्या एका तरुण मुलीनं मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यातली बाई सुट्टीच्या दिवशी आठवड्याचा स्वयंपाक एकदाच करत होती, पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये रचत होती आणि मग रोज नुसतं गरम करून वाढत होती. तिचा ओटा इतका स्वच्छ होता की त्यावर कधी कुणी कांदा चिरला असेल असं वाटत नव्हतं. तरी मला वाटलं, हे आपल्याला जमेल.

पहिल्या रविवारी मी राजमा, मटकीची उसळ, डाळकांदा आणि बटाट्याची रस्साभाजी केली. झिपच्या पिशव्या आणल्या होत्या. सगळं गरम गरमच भरलं आणि फ्रीजरमध्ये कोंबलं. फ्रीज रात्रभर घरघरत राहिला. सकाळी आत सगळीकडे भुरभुरीत बर्फ जमलेलं, पिशव्या एकमेकींना चिकटून एक दगड झालेला. तो मी लाटण्यानं फोडला. बटाट्याचं तर काही विचारू नये. गरम केल्यावर त्याच्या फोडी तोंडात ओल्या कापसासारख्या लागत होत्या. नवऱ्यानं एक घास खाल्ला, पाणी प्यायला आणि म्हणाला, चालेल. तो कशालाही चालेल म्हणतो, म्हणून त्या शब्दाचा मला काही आधार वाटला नाही.

हळूहळू समजत गेलं. अन्न आधी परातीतल्या पाण्यात भांडं ठेवून गार करायचं. पिशवी चपटी भरायची, म्हणजे लवकर गोठते आणि लवकर सुटते. वरण घट्टच ठेवायचं आणि फोडणी खाण्याच्या वेळी द्यायची, नाहीतर फोडणीचा वासच उरत नाही. बटाटा, काकडी, दह्याचं काही, हे ठेवायचंच नाही. आणि एकदा बर्फ सुटलेलं पुन्हा आत टाकायचं नाही. पिशवीवर नाव लिहायचं हे मला फार उशिरा सुचलं. त्याआधी एका दुपारी नवऱ्यानं डाळकांदा समजून एक पिशवी गरम केली, वरून कच्चा कांदा घातला, लिंबू पिळलं. ते होळीचं उरलेलं पुरण होतं. त्यानं ते तसंच भाकरीशी खाल्लं आणि मला संध्याकाळी सांगितलं. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. त्या दिवसांतलं तेवढंच हसणं मला आठवतं.

सासूबाईंचं वेगळं होतं. आमचं घर लिंगायत. आम्ही बाकीचे त्यातलं जमेल तेवढं पाळतो, त्या सगळं पाळतात. अंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्यांची पूजा चालते, आणि लिंगाला दाखवल्याशिवाय त्या घास घेत नाहीत. प्लास्टरमुळे त्यांना उजव्या हातानं पाणी घालता येईना, भस्म लावता येईना. ते माझी मुलगी करायची. आजी डोळे मिटून बसायची आणि नात तिच्या तळहातावर बेलाचं पान ठेवायची. दुसऱ्याच्या हातानं पूजा होते याचं सासूबाईंना फार लागलं होतं. त्या पूजेच्या वेळी खोलीचं दार लोटून घ्यायला लागल्या.

मी पिशव्या भरत असताना त्या पहिल्यांदा आत आल्या तेव्हा बराच वेळ नुसत्या पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, हे काय करायलीस. मी समजावून सांगितलं, की बर्फात अन्न खराब होत नाही, आता सगळीकडे असंच करतात. त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं एक पिशवी दाबून पाहिली.

"ज्याच्यावरून रात गेली ते शिळंच की गं," त्या म्हणाल्या. "बर्फात ठेव न्हाई तर कशात ठेव. लिंगाला कसं दाखवू मी?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी वाद घातला असता. मी म्हणाले, तुमचं मी रोज ताजं करीन. आणि तसंच ठरलं. सकाळी गाडीच्या आधी त्यांच्यापुरता वरणभात, एखादी भाकरी, थोडी भाजी. आमच्या तिघांसाठी पिशवी.

तिथून माझ्या मनात एक शरम बसली. मी चोरी केली नव्हती, कुणाला फसवलं नव्हतं. पण एका घरात दोन स्वयंपाक झाले होते, एक ताजा आणि एक शिळा, आणि शिळा मी माझ्या नवऱ्याला, मुलीला वाढत होते. माझ्या माहेरीही शिळं म्हणजे गाईला, नाहीतर दारात येऊन हाक मारणाऱ्याला. रात्रीच्या पोळीचे कुटके आम्ही सगळेच सकाळी आवडीनं खायचो, पण पाहुणा आला की ताटली आत जायची. ते कुणी शिकवलं नव्हतं. तसंच माझंही व्हायला लागलं. दाराची कडी वाजली की मी ओट्यावरची पिशवी आधी आत सरकवायची आणि मग दार उघडायची.

माझी नणंद गंगाखेडला दिली आहे. त्यांचा ऊस आहे, घर मोठं, चुलीवर कायम काहीतरी रटरटत असतं. ती आईला बघायला म्हणून एसटीनं आली तेव्हा चैत्र संपत आला होता आणि ऊन नुसतं भाजत होतं. मी सरबत करते म्हटलं, तर ती म्हणाली बसा वैनी, मी बर्फ घेते. मी उठेपर्यंत तिनं फ्रीजर उघडला होता.

दार उघडं धरून ती तशीच उभी राहिली. आतली थंड वाफ तिच्या चेहऱ्यावर येत होती. पिशव्यांवर माझ्या अक्षरात लिहिलेलं तिनं वाचलं. राजमा. मटकी. डाळकांदा. मग हसली.

"वैनी, हे काय दुकान लावायलात?"

मी काहीतरी बोलले, सेलूच्या गाडीचं, वेळेचं. तिनं ऐकून घेतलं. मग आवाज बारीक करून विचारलं, "आईला पण हेच घालायलात का?"

मी नाही म्हटलं. त्यांचं रोज ताजं असतं असं सांगितलं. तिनं मान हलवली, पण जेवायला बसलो तेव्हा ताटं समोरासमोर आली. सासूबाईंपुढे वाफाळता वरणभात, आमच्यापुढे राजमा. मी नणंदेसाठी ताजी भाजी करायला उठले तर तिनं हात धरून खाली बसवलं, खामखा तकलीफ करू नका म्हणाली, आणि आईच्या वरणातलंच थोडं वाढून घेतलं. राजम्याच्या भांड्याकडे तिनं पाहिलं नाही. नवरा मान खाली घालून जेवत राहिला. मुलीनं मात्र राजमा परत मागून घेतला आणि मोठ्यानं म्हणाली की मस्त झालाय. तिला काय वाटलं होतं ते मला कळलं, आणि त्यानं मला जास्तच कसनुसं झालं.

नणंद वाईट नाही. तिनं मुद्दाम काही पसरवलं असेल असं मला आजही वाटत नाही. पण एक वाक्य कुणाला तरी बोलली असेल, आणि आमच्या नात्यागोत्यात एक वाक्य पुरतं. वैशाखात सेलूला एका लग्नात मी हळदीकुंकवाला बसले होते. शेजारी नवऱ्याची एक लांबची चुलती होती. तिनं माझ्या साडीची चौकशी केली, मुलीच्या कॉलेजची केली, आणि मग त्याच सुरात म्हणाली, "तुमच्यात म्हणे आठवड्यातून एकदाच गॅस पेटतो." आजूबाजूच्या बायका हसल्या, कुणी जोरात नाही. मीही हसले. हसण्याशिवाय तिथे दुसरं काही करता येत नव्हतं. नंतर पंगतीत मी बुंदी हातात धरून बसले होते. नोकरीत मी एवढी वर्षं काढली, साहेबांपुढे फाइल घेऊन उभी राहताना कधी घाबरले नाही, आणि तिथे चार बायकांत मान वर करता येईना.

घरी मी हे कुणाला सांगितलं नाही. पण सासूबाईंच्या कानावर ते कुठून तरी आलं असावं.

पुढचाच रविवार. मी स्वयंपाकघरात मसाला परतत होते. मधल्या खोलीत सासूबाईंनी फोन लावला होता. एका हातानं फोन धरून बसणं जमत नाही म्हणून त्या तो खाटेवर ठेवून आवाज मोठा करतात. पलीकडे नणंद होती. ती आईला गंगाखेडला बोलवत होती. इथं चुलीवरचं गरम मिळेल, म्हणाली, तिथं तुला शिळंपाकं खायला लागायलंय, लोक काय म्हणायलेत तुला माहीत हाय का.

"कोण म्हणलं शिळं?" सासूबाई म्हणाल्या.

"मी डोळ्यानं पाहिलं की आई."

"त्या पिशव्या मीच ठेवायला लावल्या," त्या म्हणाल्या. "ती पोरगी पहाटं जाती, दिवेलागणीला येती. म्याच म्हणलं, एकदाच करून ठेव. आन् मी बी खाते की त्यातलं. चांगलं लागतंय."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मसाला खाली लागला, तेव्हा भानावर येऊन मी गॅस बंद केला.

त्या पिशव्यांतला एक कणही त्यांनी कधी तोंडात घातला नव्हता. गळ्यात लिंग असताना खोटं बोलायचं नाही, असं त्या माझ्या मुलीला ती लहान असल्यापासून सांगत आल्या. आणि आता पोटच्या लेकीशी त्या सरळ आवाजात खोटं बोलत होत्या, सुनेसाठी. मला आनंद व्हायला हवा होता. कुणी आपली बाजू घेतली की माणसाला बरं वाटतं. मला मात्र लग्नातल्या त्या हसण्यानं वाटली नव्हती एवढी शरम वाटली. कुणी नावं ठेवली तर मनातल्या मनात त्याला उत्तर देता येतं. इथे उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मी पातेलं घासायला घेतलं, आणि त्या आत आल्या तेव्हा नळ मोठा सोडला. त्या म्हणाल्या, करपल्याचा वास यायलाय. मी म्हणाले, हो, जरा लागलं.

त्यानंतर मी त्यांच्याशी नीट बोलू शकेना. आभार मानावेत तर मी ऐकलं हे कळणार, आणि ते त्यांना आवडलं नसतं.

मग डीपी जळाली.

आमची वसाहत वसमत रोडच्या आत आहे. उन्हाळ्यात घराघरात कूलर सुरू झाले की कोपऱ्यावरची विजेची डीपी कधीतरी जळतेच. यावेळी ती रविवारी संध्याकाळी गेली, मी सकाळीच सगळं रांधून, गार करून रचलेल्या पिशव्या नुकत्याच गोठल्या होत्या तेव्हा. रात्रीतून लाईट येईल, असं लाईटवाले म्हणाले. आली नाही. सकाळी लाइनमन म्हणाला, नवीन डीपी यायला वेळ लागेल. फ्रीजखाली पाणी साचलेलं. मी फ्रीजर उघडला. पिशव्या मऊ पडल्या होत्या. मधे हाताला अजून बर्फाचा खडा लागत होता, पण दुपारच्या उन्हापर्यंत तो टिकणार नव्हता.

मी ऑफिसला रजा कळवली आणि ओट्यापाशी उभी राहिले. सासूबाई मागून आल्या. विचारलं, किती हाय. मी दाखवलं. आमच्या तिघांना आठवडाभर पुरलं असतं. मी म्हणाले, खड्डा करून मागे पुरते, कुणाला दिसणार नाही.

"अन्न टाकायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "वाटू."

"कुणाला?"

"गल्लीला."

मी म्हणाले, आई, तुम्हीच म्हणता हे शिळं आहे. शिळं वाटायचं लोकांना?

"शिळं ते मला हाय," त्या म्हणाल्या. "लोकाला लोकाचं कळतंय. सांगून देऊ. ज्याला घ्यायचं त्यो घेईल."

सांगून देऊ, हेच तर मला नको होतं. पण त्यांच्यापुढे मला नाही म्हणता येईना. त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते मी ऐकलं होतं. मी गॅसवर एकेक पातेलं चढवलं, खदखदून उकळी काढली, वरून ताजी फोडणी दिली आणि डबे भरले. हात गळ्यात अडकवलेल्या सासूबाई पुढे आणि पिशवीत डबे घेऊन मी मागे, अशा आम्ही दारोदार निघालो.

त्या प्रत्येक दारात एकच सांगत होत्या. सुनेनं आठवड्याचं करून बर्फात ठेवलं होतं, लाईट गेली, चांगलं हाय, उकळून आणलंय, खाऊन घ्या. कुठेही काही लपवलं नाही, सजवलं नाही. मी पायऱ्यांवरच्या चपला मोजल्यासारख्या बघत उभी असायची. समोरच्या घरातल्या बाईंशी माझं रोजचं येणंजाणं, वाटीवाटीची देवघेव. त्यांनी डबा घेतला, वाईट झालं म्हणाल्या, लाईटवाल्यांना चार शब्द बोलल्या. कोपऱ्यावर कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मुली भाड्यानं राहतात. त्यांना मटकीचा डबा दिला तर एकीनं तिथेच झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, आजी, पोळ्या पण आहेत का. सासूबाईंना ते फार आवडलं. त्यांनी मला घरी पाठवून पोळ्या करून आणायला लावल्या. कुणीही नाही म्हटलं नाही. परत येताना सासूबाई म्हणाल्या, बघ, गेलं की सगळं. मीही मनात म्हटलं, उगीच भ्यायलो आपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. बायका बादल्या घेऊन बाहेर आल्या, मीही गेले. समोरच्या बाई माझ्या पुढे होत्या. त्यांनी ओल्या कचऱ्याची बादली वर उचलली आणि मला ती आतून दिसली. वरती राजमा होता. सगळाच्या सगळा, जसा मी डब्यात भरला होता तसा. कोथिंबीरसुद्धा तशीच हिरवी.

त्यांनी मागे पाहिलं. मी पाहिलंय हे त्यांना कळलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला, कान लाल झाले. गाडीवाल्यानं बादली घेतली, उपडी केली, परत दिली. त्या ती हातात धरून म्हणाल्या की उकाडा किती वाढलाय, रात्रभर झोप नाही, लाईटवाल्यांना काही पडलेलीच नाही. बोलतच राहिल्या. मी हो हो म्हणत राहिले. मला त्यांचा राग येत नव्हता. त्यांनी तोंडावर नाही म्हटलं असतं तर एकटी मीच शरमले असते. आता आम्ही दोघी उन्हात उभ्या होतो आणि आत जायला कुणालाच सुचत नव्हतं. शेवटी मीच म्हणाले, दूध तापत ठेवलंय, आणि आत आले. दूध काही ठेवलेलं नव्हतं.

सासूबाईंना मी हे सांगितलं नाही. त्या पुढचे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या की गल्लीनं कसं आवडीनं खाल्लं. विद्यापीठातल्या मुली डबा घासून परत घेऊन आल्या होत्या, ते तर त्या प्रत्येकाला सांगायच्या. समोरच्या बाईंसमोरही एकदा सांगितलं. त्या खाली पाहून म्हणाल्या, हो, छान होता राजमा. त्यांनी डबा मला साखर घालून परत केला होता.

हाड लवकर जुळेना, म्हणून प्लास्टर दोनदा बदललं; शेवटी पावसाळा लागताना ते निघालं. हात निघाला तो वाळलेला, बोटं वळेनात. व्यायाम सांगितला होता, तो त्या मन लावून करायच्या, रबरी चेंडू दाबत बसायच्या. पूजा स्वतःच्या हातानं व्हायला लागली तेव्हा त्यांनी खोलीचं दार उघडं ठेवलं. पण भाकरी काही जमेना. पहिल्या दिवशी त्यांनी पीठ मळलं, उंडा केला, थापायला घेतला आणि मधेच हात थांबला. भाकरी परातीतच फाटली. त्यांनी पुन्हा गोळा केला. पुन्हा फाटली. मी पुढे झाले तर म्हणाल्या, राहू दे. मग थोड्या वेळानं स्वतःच बाजूला झाल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं की कच्चं ठेवलं तर राहतं का बर्फात. मी म्हणाले, राहतं, जास्तच चांगलं राहतं. "मग तसं कर की," त्या म्हणाल्या. "कच्चं काही शिळं होत न्हाई. रांधल्यावर रात मोजायची."

तेव्हापासून आमचं हे चालू आहे. दिवसा त्या मेथी निवडतात, मटकीला मोड आणतात, लसूण सोलतात. कांदा-खोबऱ्याचं वाटण मी सुट्टीच्या दिवशी करते. सगळं चपट्या पिशव्यांत जातं. थंडीत तुरीच्या शेंगा आल्या की घरभर टरफलं असतात. सकाळी मी पिशवी काढून फोडणीला टाकते आणि गाडीच्या आत भाजी होते, चौघांची एकच. कामाचे दिवस फार आले तर शिजवलेलंही ठेवते, आमच्या तिघांपुरतं. ते त्यांना दिसतं. 

नणंद दिवाळीनंतर आली तेव्हा तिनं हे सगळं पाहिलं. आईशेजारी बसून तिनंही शेंगा सोलल्या. जाताना आईनं तिला सोललेल्या तुरीची गोठलेली पिशवी दिली, कागदात गुंडाळून. मी तिला स्कूटीवर बसस्टँडला सोडायला गेले. गंगाखेडची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. बरेच दिवस माझ्या मनात होतं ते मी बोलून टाकलं. म्हणाले, उन्हाळ्यात आईंनी तुम्हाला फोनवर सांगितलं ते खरं नव्हतं. पिशव्या त्यांनी ठेवायला लावल्या नव्हत्या, माझंच होतं ते. आणि त्यांनी त्यातलं कधी खाल्लं नाही.

नणंद समोर बघत म्हणाली, "मला माहीत हाय वैनी. आई काय खाती आन् काय न्हाई, मला माहीत नसंल का?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. कागद ओला व्हायला लागला होता.

"माझ्यासाठी आई कधी खोटं बोलली न्हाई," ती म्हणाली. "सासरी मला लय बोल लागले तवा. आईला सगळं माहीत होतं. म्हणायची, खरं काय ते सांग आन् सहन कर." मग म्हणाली, "मला तुमचा राग आला होता. पिशव्यांचा न्हाई."

गाडी लागली. खिडकीची जागा धरायला ती लगबगीनं गेली. मी तिची बॅग वर दिली. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात दाबला, आणि गाडी फलाटावरून मागे सरकायला लागली.  मी फक्त सांभाळून जा म्हणाले.

घरी आले तर सासूबाई ओसरीत बसल्या होत्या. नीट बसली का, विचारलं. मी म्हणाले, बसल्या, खिडकीपाशी जागा मिळाली. काय म्हणत होती, विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांच्याकडे सरळ पाहून बोलले, आणि तेही खोटं.

"तुमच्याशी बोलायचं राहिलं म्हणत होत्या," मी म्हणाले. "पोचल्या की फोन करा."

संध्याकाळी त्यांनी मला गंगाखेडला फोन लावून द्यायला सांगितला. मी तो लावून त्यांच्यापुढे ठेवला, आणि वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले.